डब्यातला राजा

गोचीड निघाली त्या दिवशी गौरेश राऊळनं सगळ्यात आधी मान खाजवली. मनसोक्त, डोळे मिटून खाजवली. कुडाळच्या कचेरीपुढे कलाकारांची ही मोठी रांग लागली होती, कीर्तनकार, भजनी बुवा, गाणारे, नाटकवाले सगळे उन्हात उभे. आणि आत टेबलाशी बसलेला कारकून स्पिरिटचा बोळा घेऊन एकेकाच्या मानेवरची चकती उचकटत होता. गंमत अशी, की दहा-अकरा वर्षांपूर्वी ती चकती चिकटवायला हाच कारकून बसला होता. तेव्हाही त्याच्या तोंडावर हेच कंटाळलेलं हसू होतं. सरकारं येतात नि जातात, कारकून आपला बोळा धरून बसलेला असतो.

"बोला आता, राजानु," तो गौरेशला म्हणाला. "काय व्हया ता बोला."

गौरेशच्या मनात चटकन नाटकातल्या राजाच्या थाटाचं एक वाक्य आलं. कारकुनाच्या मिशीवरचं होतं आणि झकास होतं. घशापर्यंत आलं, तिथं अडकलं आणि आल्या वाटेनं परत गेलं. मानेला काही नसताना मानेला चिमटा बसला.

"धन्यवाद," गौरेश म्हणाला आणि बाहेर पडला. रांगेतल्या लोकांना वाटलं, बिचाऱ्याला गहिवरून आलंय.

आता ही गोचीड म्हणजे काय, ते सांगायला हवं. गौरेश हा दशावतारी. गाळवेकर कंपनीचा राजा. दशावतारी नाटकाला लिहिलेलं पुस्तक नसतं. प्रयोगाआधी रंगपटात सगळे तोंडाला रंग लावत बसलेले असतात, तेव्हा कंपनीचे नाईक, म्हणजे पेटी वाजवत सगळं नाटक हाकणारे म्होरके, आजची कथा सांगतात. अमुक राजा, तमुक राणी, मध्ये राक्षस येणार, शेवटी मरणार. बस्स. पुढचं सगळं ज्यानं त्यानं रंगमंचावर उभं राहून, समोरच्याकडे बघून, त्या क्षणी बोलायचं. काल बोललेलं आज नाही, आजचं उद्या नाही.

शिस्तीचं सरकार आलं आणि त्यानं कलाकारांकडे लिखित संहिता मागितली, तेव्हा नाईक केदारमामा साहेबापुढे हात जोडून म्हणाले होते, "कागद खंयचो, सायबानु? नाटक आमच्या तोंडात आसता."

"मग तोंडालाच पहारा बसवू," असं सरकारनं ठरवलं.

त्यांच्याकडे तसं यंत्रही होतं. आपण बोलतो तोंडानं, पण बोलणं सुरू होतं डोक्यात. डोक्यातून हुकूम निघतो, मज्जातंतूंवरून घशाच्या नि जिभेच्या स्नायूंपर्यंत पोचतो, ते स्नायू बारीकसे आवळतात आणि मग कुठे आवाज फुटतो. हुकूम आणि आवाज यांच्यामध्ये पापणी लवायलाही पुरणार नाही एवढाच वेळ असतो. पण यंत्राला तेवढा पुष्कळ झाला. मानेवर, कंठाच्या शेजारी चिकटवलेली रुपयाएवढी चकती स्नायूंमधली ती नाममात्र वीज टिपायची आणि येऊ घातलेला शब्द मंजूर संहितेशी ताडून बघायची. जुळला तर ठीक. नाही जुळला, तर शब्द ओठांवर यायच्या आत मानेला चिमटा आणि माईक बंद. असं तीनदा झालं की परवाना रद्द. रंगमंचावरून उतरलं की मात्र ती झोपायची, घरच्या बोलण्यात लक्ष घालत नसे. सरकारी नाव होतं 'सुवाणी'. गुरांच्या मानेला चिकटून रक्त पिणारा किडा गावाला ठाऊक होता, म्हणून गावानं तिचं बारसं केलं, 'गोचीड'.

मंजूर संहिता कचेरीतून छापून यायच्या. त्यातले राजे उठता-बसता रस्त्यांच्या डागडुजीचं कौतुक करत. तपासनीसांची कचेरी सहाला बंद होई, म्हणून रात्र जागवणारं दशावतारी नाटक दुपारी चारला सुरू होऊन सहाच्या ठोक्याला संपू लागलं. राक्षस मरो न मरो, सहाला लोक चपला शोधू लागत. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

गौरेशनं गोचीड लावून घेतली, कारण कंपनी बंद पडली असती तर पेटीवाल्यापासून झांजवाल्यापर्यंत सगळ्यांच्या चुली विझल्या असत्या. त्याच्या राणीनं मात्र लावून घेतली नाही.

राणी म्हणजे तुषार मेस्त्री. दशावतारात बायकांची कामं पुरुषच करतात, आणि तुषार नऊवारी नेसून, अंबाड्यात अबोलीची वेणी माळून उभा राहिला की बायकासुद्धा त्याच्याकडे बघून आपला पदर सारखा करत. तो नि गौरेश लहानपणापासूनचे दोस्त. त्या दोघांचं राजा-राणीचं भांडण उभ्या जिल्ह्यात गाजलेलं. विषय कुठलाही चाले. एकदा राणीच्या भावाला जेवायला बोलवावं की नाही, यावर ते इतके भांडले की आत रंगून बसलेला राक्षस वाट बघून बघून झोपी गेला. भांडणाचा नियम एकच, समोरच्याचं वाक्य तोंडातून काढून घ्यायचं नाही. दशावताऱ्यांत ते समोरच्याच्या पानातला मासा उचलण्याइतकं वाईट. गौरेश तर याबाबतीत भलताच कडक. एका सहनटानं एकदा त्याच्या तोंडचं वाक्य पळवून टाळी घेतली, तर गौरेश त्या जत्रेच्या हंगामात त्याच्याशी एक अक्षर बोलला नव्हता.

"माझ्या मानेर गोचीड चिकटवूक मी काय कोणाचो बैल आसंय?" असं म्हणून तुषारनं कंपनी सोडली आणि हमरस्त्यावर खानावळ काढली. गौरेश दर रविवारी तिथं जेवायला जाई. तुषार न मागता एक तळलेला बांगडा जास्त वाढी. हवापाण्याच्या गजाली होत, पोराबाळांच्या होत. नाटकाचा विषय मात्र दोघंही काढत नसत. एकाला बोलायची परवानगी नव्हती आणि दुसऱ्याला समोरच्याचं मन दुखवायचं नव्हतं.

मग निवडणूक झाली. शिस्तवाले पडले, आणि असे पडले की पडल्याचा आवाज दिल्लीपर्यंत गेला. कायदा बदलला, गोचिडी निघाल्या. त्याच संध्याकाळी तुषार गौरेशच्या अंगणात हजर!

"राजानु, राणी परत येता हा. पालखी पाठवा!"

गौरेशनं त्याला मिठी मारली. गाळव्याच्या जत्रेला पहिला मोकळा प्रयोग ठरला होता. तुषार तिथंच, अंगणातल्या बाकावर पदर घेतल्यासारखं करून बसला आणि राणीच्या आवाजात कडाडला, "महाराज, भात करपलाय! या राज्यात चुलीकडे कोणाचं लक्ष आहे का?"

गौरेशचं तोंड उघडलं. ओठ हलले. कपाळावर घाम आला, आणि शेवटी बाहेर पडलं ते असं, "प्रिये, राज्यात सर्वत्र सुव्यवस्था नांदत आहे."

तुषार खो खो हसला. त्याला वाटलं, गौरेश त्या मंजूर संहितेची नक्कल करतोय. मग त्यानं गौरेशचा चेहरा पाहिला आणि त्याचं हसू मावळलं.

"ह्या काय, रे?"

"येणा नाय," गौरेश म्हणाला. साधं घरचं बोलणं त्याला जमत होतं. नाटकातलं म्हटलं की गळा मिटत होता. "तोंडापर्यंत येता आणि परत जाता."

तुषारनं त्याला दुसऱ्याच दिवशी कुडाळला डॉक्टर नूपुर शिरसाट यांच्याकडे नेलं. या बाई कोल्हापूरच्या, वाचेचे विकार बघणाऱ्या, आणि या दिवसांत त्यांच्या दाराशी असल्या मुक्या झालेल्या बोलघेवड्यांची रीघ लागली होती. एक कीर्तनकार तर पूर्वरंगातून उत्तररंगात जाताच येत नाही म्हणून रडत बसलेले.

"सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तसं आहे हे," डॉक्टरांनी सांगितलं. "कुंपणाच्या तारेत वीज सोडली की जनावर एक-दोनदा चटका खातं. पुढे वीज काढून घेतली तरी ते तिकडे फिरकत नाही. तुमच्या मेंदूनं तेच शिकून घेतलंय, राऊळ. नवं वाक्य तयार झालं की चिमटा बसायच्या आधी मेंदू स्वतःच ते दाबतो. पण तयार होतं, हे महत्त्वाचं. हे बघा."

त्यांनी गौरेशच्या मानेला एक चकती लावली. गौरेश दचकला. पुन्हा तीच!

"तीच आहे, पण उलटी चालणारी," डॉक्टर म्हणाल्या. "दाबलेल्या शब्दाचीसुद्धा स्नायूंत पुसटशी वीज उमटते. ही चकती ती टिपते आणि बिनतारी या डब्याकडे पाठवते. डबा तो शब्द मोठ्यानं बोलतो, तुमच्याच आवाजात. मेस्त्रींनी आणलेल्या तुमच्या जुन्या ध्वनिफितींवरून डब्यानं तो आवाज आत्ताच बनवलाय. मेंदूला पुन्हा पुन्हा ऐकू येईल, की शब्द बाहेर गेला आणि चिमटा काही बसला नाही. हळूहळू भीती जाईल. काहींची महिन्यात जाईल, काहींना वर्ष लागेल. काहींची..." मग त्या खरं तेच बोलल्या. "काहींची जाईल की नाही, मला सांगता येत नाही."

डबा पितळी, पानाच्या डब्याएवढा.

"आणि एक लक्षात ठेवा. गिळलेला शब्द रंगमंचावरचा आहे की घरातला, हे या डब्याला कळत नाही. जपून वापरा."

ही सूचना गौरेशनं कानाआड केली आणि डबा कंबरेला लावूनच घरी जेवायला बसला. बायको श्रावणी आमटी वाढत होती.

"आमटीत मीठ नाय," डबा म्हणाला.

श्रावणीचा हात थांबला. "काय म्हणालंस?"

"मी खंय काय बोललंय!" गौरेश घाबरून म्हणाला.

"काल पण नव्हता," डबा खणखणीत आवाजात म्हणाला. "परवा तर भात पण कच्चो होतो."

"शिरा पडली तुझ्या तोंडार!" श्रावणी ओरडली, आणि मग हा शाप नेमका कोणाच्या तोंडाला द्यावा, नवऱ्याच्या की डब्याच्या, या घोळात पडून तिला हसू फुटलं. ती हसत हसत पाठमोरी होऊन चुलीकडे वळली. तिचा पिकलेला अंबाडा, वाकलेली पाठ, हाताला भाजल्याचा जुना डाग. गौरेश बघत राहिला.

"ह्या बायन माझ्यासाठी किती सोसल्यान," डबा हळूच म्हणाला. "आणि मी कधी तिका एक शब्द बोललंय नाय."

 श्रावणीनं पळी खाली ठेवली. तिनं मागे वळून पाहिलं, तेव्हा गौरेशचे कान लाल झाले होते आणि तो आमटीत मीठ घालत होता, तेही दुसऱ्यांदा.

ती आली, त्याच्यासमोर बसली आणि त्याच्या कंबरेचा डबा तिनं स्वतःच्या हातानं बंद केला.

"ऐकाक बरा वाटला," ती पदरानं डोळे टिपत म्हणाली. "खूप बरा वाटला. पण ता तुझ्या तोंडातसून व्हया. माका काय डब्याबरोबर संसार करूचो नाय."

जत्रेपर्यंतचे दिवस गौरेशनं डबा लावून रोज घसा साफ केला. माडाशी भांडला, विहिरीशी भांडला. डबा चुरूचुरू बोलायचा आणि गौरेशचं तोंड मिटलेलंच राही. वरून एक नवाच ताप. एखादं वाक्य घशापर्यंत येऊन बाहेर पडतंय-न-पडतंय तोवर डबा ते बोलून मोकळा होई. डब्याला वीज आधी कळे ना! गौरेशला एकदा वाटलं, डबा उचलून विहिरीत टाकावा. पण डब्याशिवाय तो निव्वळ मुका होता.

जत्रेच्या दिवशी प्रयोग चारलाच ठेवला होता. आता चारची सक्ती कोणाची नव्हती. पण नाईकांनी चार सांगितलं, लोकांनी चार ऐकलं, आणि रात्रीचं नाटक रात्री करता येतं हे कोणाच्या डोक्यातच आलं नाही. सवयीची गंमत असते ती अशी.

रंगपटात गौरेश मुकुट बांधत होता. कंबरपट्ट्यावर डबा बसवला होता.

"मामा," तो केदारमामांना म्हणाला, "आज माझ्या तोंडातसून एक पण नवीन वाक्य इला नाय, तर उद्यापासून मुकुट दुसऱ्याक देवा. डब्याक राजा करून मी पोट भरूचंय नाय."

केदारमामांनी पेटीवरचं फडकं झटकलं. उत्तर आलं ते आरशाकडून, जिथं तुषार काजळ घालत होता.

"मगे राणी पण नवीन बघा. मी दुसऱ्या राजाची राणी होवचंय नाय. माझी खानावळ बरी."

"तुषार, असा काय..."

"गप! तोंड हलवू नको, काजळ फिसकाटता." काजळ तुषारच्याच डोळ्यांत होतं, पण गौरेश गप्प बसला.

मामांनी कथा सांगितली. "राजा परराज्यात अडकलेलो. खूप वर्षांनी घराक इलो. राणी रागावलेली. शेवटाक राक्षस. चला."

मंडप गच्च भरला होता. दशावतारात रंगमंचावर सामान म्हणजे एक लाकडी बाकडं. तेच सिंहासन, तेच पर्वत, तेच पलंग. मृदंग घुमला, झांज वाजली, आणि गौरेश राजाच्या चालीनं आत आला. पहिलं वाक्य जुनं, पाठ झालेलं होतं, ते ठणठणीत आलं.

"प्रिये, आम्ही परत आलो आहोत!"

तुषार बाकड्यावर पाठ फिरवून बसला होता. तसाच बसून म्हणाला, "आलात? इतकी वर्षं कुठं होतात, महाराज?"

गौरेशचा गळा मिटला. मान आखडली.  पुढच्या रांगेत बायकांच्या बाजूला श्रावणीनं शेजारणीचा हात घट्ट धरला.

"तुझ्या खानावळीत दर रविवारी बांगडा खात होतो, प्रिये," कंबरपट्टा म्हणाला.

मंडपात हशा फुटला. दर रविवारचा बांगडा कोणाला ठाऊक नव्हता? लोक मांड्या बडवून हसले. तुषार ताडकन वळला, त्यानं राजाकडे पाहिलं, मग वाकून कंबरपट्ट्याकडे पाहिलं.

"अगोबाई! आमचे महाराज मुके होऊन आले, पण त्यांचा कंबरपट्टा काय रसाळ बोलतो हो!"

पुन्हा हशा.  वाक्य त्याचं होतं, हशा त्याचा होता, आणि मिळाला तो पितळेच्या डब्याला. तुषार पुढचं बोलला, गौरेशच्या मनात उत्तर उगवलं, डब्यानं ते पळवलं आणि टाळी घेतली. असं आणखी एकदा झालं. गौरेशचे डोळे हळूहळू लाल व्हायला लागले. तुषार ते डोळे लहानपणापासून ओळखत होता, आणि ते लाल होण्याचीच वाट बघत होता.

त्यानं पदर खोचला. पुढे होऊन राजाच्या कंबरेचा डबा अलगद सोडवला, बाकड्यावर ठेवला. मग टाचा उंचावून राजाच्या डोक्यावरचा मुकुट काढला आणि तो डब्यावर बसवला.

"आजपासून हेच आमचे महाराज!" तो मंडपाला म्हणाला. "भांडतात तरी!"

गौरेश उघड्या डोक्यानं उभा.

"तो मुकुट माझो," मुकुटाखालून आवाज आला.

"तुमचाच आहे ना, महाराज," तुषार डब्यापुढे लाजत म्हणाला. "तुमच्याच डोक्यावर आहे!"

"अगो, मी हय उभो आसंय!"

"उभे कुठले? चांगले बाकड्यावर बसला आहात. दमलात का? पाय चेपू?" आणि डब्याला पाय नाहीत असं बघून राणीनं कपाळावर हात मारून घेतला. लोक अक्षरशः एकमेकांच्या अंगावर कोसळत होते. केदारमामांची बोटं पेटीवर थबकली होती, हसून हसून त्यांना भाता ओढवेना.

तुषार डब्याला खेटून बसला आणि एकदम मऊ आवाजात म्हणाला, "बरं महाराज, परराज्यातून आमच्यासाठी काय आणलंत?"

गौरेशला कळलं, आता येणारं वाक्य या संध्याकाळचं सगळ्यात चांगलं वाक्य आहे. नटाला ते आधी कळतं. ते पोटातून निघालं, छातीतून वर आलं.

"प्रिये, परराज्यात..." डब्यानं सुरुवात केली.

"गप रे मेल्या!" गौरेश गरजला. "ता माझा वाक्य आसा!"

राजा मालवणीत ओरडला! दशावतारातला राजा कधी बोलीत बोलत नाही, तो शुद्धच बोलतो; पण मंडपात कोणी हसलं नाही. कारण आवाज बाकड्यावरून आला नव्हता, राजाच्या तोंडातून आला होता.

गौरेशनं खांदे आवळले आणि चिमट्याची वाट पाहिली. चिमटा बसला नाही. तो थोडा वेळ तसाच उभा राहिला, कोणी मागून येतंय का हे बघितल्यासारखा. कोणी आलं नाही.

"कोण बोललं?" तुषारनं हळूच विचारलं. त्याचा आवाज राणीचा राहिला नव्हता.

"आम्ही." गौरेश बाकड्यापाशी गेला. त्यानं डब्याचं बटण दाबून तो बंद केला, मुकुट उचलून डोक्यावर ठेवला. मुकुट वाकडा बसला, त्याला पर्वा नव्हती. "आम्ही बोललो. आणि तू विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर आम्हीच देणार. प्रिये, परराज्यात सगळं होतं. सोनं होतं, शेले होते, हत्ती होते. भांडायला मात्र कोणी नव्हतं. म्हणून रिकाम्या हातांनी आणि भरल्या तोंडानं परत आलो आहोत."

तुषारनं पदर तोंडाला लावला. काजळ गालावर उतरलं होतं. पण तो तुषार होता. रडत रडतसुद्धा त्यानं घाव घातलाच. "भरल्या तोंडानं? मग इतक्या वर्षांत घरच्या बाईसाठी एक गोड शब्द नाही निघाला त्या तोंडातून? आता सांगा!"

गौरेशनं मान उचलली आणि राणीच्या डोक्यावरून बायकांच्या रांगेकडे पाहिलं.

"जिनं आमच्यासोबत सगळं सोसलं आणि तक्रार केली नाही," तो म्हणाला, "तिचं आमच्यावर फार मोठं ऋण आहे. आम्ही तिला कधी बोललो नाही. आज चारचौघांत बोलतो. ती होती म्हणून आम्ही आहोत."

शेजारणीनं श्रावणीला कोपरानं ढोसलं. श्रावणीनं तिला परत ढोसलं आणि नाक पुसलं.

"छान बोललात," राणी म्हणाली. "मग आमटीत मीठ कमी, असं का म्हणालात?"

"हे तुला कोणी सांगितलं?"

"राण्यांना सगळं कळतं, महाराज!"

आणि मग जे सुरू झालं, ते थांबेना. आमटीवरून भातावर, भातावरून राणीच्या भावावर, भावावरून गेलेल्या सरकारवर, आणि सरकारवरून पुन्हा आमटीवर. गौरेश अडखळत होता, मध्येच एखादं वाक्य घशात रुतायचं, मग तुषार गप्प राहून वाट बघायचा. दुसरा कोणी असता तर त्यानं ते वाक्य पुरं करून टाकलं असतं. तुषारनं एकदाही केलं नाही.

देवळातल्या घड्याळात सहाचे ठोके पडले. सवयीनं मंडपभर चपला सरकल्याचा आवाज झाला. लोकांनी एकमेकांकडे पाहिलं, चपला परत बाजूला ठेवल्या आणि मांडी घालून बसले. कोणीतरी गॅसबत्त्या आणायला पळालं. बऱ्याच वेळानं पडद्याच्या फटीतून राक्षसानं रंगवलेलं तोंड बाहेर काढलं आणि विचारलं, "माझी एंट्री आसा काय आज, की जाव घराक?" त्यालाही टाळी मिळाली.

नाटक संपल्यावर रंगपटात दोघं शेजारी शेजारी बसून खोबरेल तेलानं रंग पुसत होते. डबा पेटाऱ्यावर पडला होता. डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं, की चकती अजून काही दिवस लावावी लागेल, गळा पुन्हा मिटू शकतो. गौरेशला ते पटलं होतं. त्यानं डबा फडक्यात नीट गुंडाळला. शेवटी त्यानंही आज काम केलं होतं.

"तुका मुकुटाची आयडिया कोणी दिल्यान?" त्यानं विचारलं.

"श्रावणी वैनी परवा खानावळीत इली होती. म्हणाली, 'त्येका डब्याचो राग येता हा. जरा वाढव.'"

गौरेश हसला. बाहेर श्रावणी थर्मासमधून चहा ओतत होती आणि कोणालाही ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं शेजारणीला सांगत होती, की आमटीत मीठ बरोबर असतं.

तुषारनं अंबाडा सोडला, अबोलीची वेणी खुंटीला टांगली.

"उद्या सावंतवाडीक प्रयोग," तो म्हणाला. "काय बोलतलंस?"

"माका काय म्हायत?" गौरेश म्हणाला. आणि त्याला ते खरंच माहीत नव्हतं.